क्रोशाखालचा पडदा

उर्मिलाने कराडच्या घरी वडिलांना, अप्पांना, नवा संगणक जोडून दिला, तेव्हा तिची आई जाऊन वर्ष होत आलं होतं. टेबलावर दोन पडदे मांडले. डावा अप्पांच्या बातम्यांसाठी आणि बुद्धिबळासाठी. उजव्यावर आईचे फोटो आणि चित्रफिती दिवसभर आळीपाळीने चालणार, आवाजासकट.

"आणि हार्ड डिस्क भरली तर?" अप्पांनी विचारलं. भूगोलाचे मास्तर निवृत्त झाले, तरी शंका काही निवृत्त होत नाहीत.

"भरतच नाही ती, हीच तर गंमत आहे." उर्मिलाने प्रत्येक पडद्याच्या माथ्यावरचा मसुरीएवढा ठिपका दाखवला. "हा नजर मोजतो. ज्याच्याकडे कुणी बघतं ते डिस्क जपते. ज्याच्याकडे कुणीच बघत नाही ते हळूहळू विरळ करते. आधी बारकावे जातात, मग रंग, मग आवाज. शेवटी चित्रात काय होतं ते सांगणारी एक ओळ उरते. याला विरळणी म्हणतात."

"ताकात पाणी घालत जायचं म्हण की!"

"तसंच. पण आईकडे तुम्ही रोज बघालच."

मग तिने आपल्या फोनमधलं आईचं सगळं डिस्कवर चढवलं आणि फोन मोकळा केला. जागेची टंचाई तिच्याकडेही होतीच.

ती पुण्याला परतली आणि दुसऱ्याच दिवशी अप्पांनी उजव्या पडद्यावर क्रोशाचं कव्हर घातलं. विमलने, म्हणजे उर्मिलाच्या आईनेच, ते कधीकाळी टीव्हीसाठी विणलं होतं. या घरात रेडिओपासून मिक्सरपर्यंत एकही वस्तू उघडी राहिलेली नव्हती. संध्याकाळी अप्पा खुर्ची ओढून त्या झाकलेल्या पडद्याशी बसत आणि विमलचं बोलणं ऐकत. डाव्या पडद्यावर ओळखीपाळखीच्यांनी पाठवलेले सुप्रभातचे गुलाब येत, तेही ते इमानेइतबारे बघत.

दसऱ्याच्या सुमारास विमलचा आवाज बारीक येऊ लागला. अप्पांनी तो वाढवला. मग आणखी वाढवला.

"कान गेले बघ माझे," त्यांनी फोनवर उर्मिलाला सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, कान वयाच्या मानाने उत्तम आहेत. "त्याला काय कळतंय डोंबल!" म्हणत अप्पांनी हट्टाने कानाचं यंत्र घेतलं. त्यातून शेजाऱ्यांच्या कुकरच्या शिट्ट्या खणखणीत यायच्या. विमल यायची नाही.

दिवाळीला उर्मिला आली. साफसफाई करताना तिने धुवायला म्हणून ते कव्हर काढलं. पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं होती: 'एक स्त्री. स्वयंपाकघर. हसत आहे.' थोड्या वेळाने ती बदलली: 'एक स्त्री. अंगण. कुणाला तरी हाक मारत आहे.'

तिने सगळी डिस्क पालथी घातली. गुलाब जसेच्या तसे होते, पाकळीवरच्या दवासकट.

"अप्पा, कव्हर का घातलंत हो?"

"धूळ बसते." मग त्यांनी कव्हर हातात घेतलं. "चेहरा बघवत नव्हता गं. पण ऐकत होतो रोज, एक दिवस चुकवला नाही."

"ते फक्त डोळे मोजतं, अप्पा. कान नाही मोजत."

अप्पांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "म्हणजे माझे कान धड होते."

उर्मिलाला रडू फुटलं. "माझंच चुकलं. फोनमधलंही मीच काढून टाकलं."

अप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पडद्यावर पुन्हा अंगणाची ओळ आली होती. त्यांनी त्या ओळीवर बोट टेकवलं. "हे 'कुणाला तरी' म्हणजे तू. माझ्या डोक्यात आता तो बारीक झालेला आवाजच बसलाय. तू मार बघू हाक, तिच्यासारखी."

उर्मिलाने डोळे पुसले. "उर्मेऽ," ती म्हणाली. आवाज तिचा स्वतःचाच निघाला. तिने पुन्हा हाक मारली, जरा लांबवून.

अप्पा डोळे मिटून ऐकत होते.

"शेवटाला ती आवाज चढवायची का गं," त्यांनी विचारलं, "की उतरवायची?"