गळाला लागलेली गौराई

आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, झाली. माहेरी आलेल्या पोरींचे झोके खेळून झाले, सांजोऱ्या खाऊन झाल्या, आणि गौराईला सासरी धाडायची संध्याकाळ आली. पांझरा नदी तापीला मिळते तिथल्या एका गावातल्या बायका-पोरी डोक्यावर टोपल्या घेऊन पाण्यावर उतरल्या. टोपल्यांत गव्हाचे लांब, पिवळे कोंब, तीच गौराई. दिवस भर उन्हाळ्याचे, पण खालच्या बंधाऱ्याचं पाणी मागे फुगलेलं, म्हणून नदी अजून भरलेली होती. हिरवट, संथ... दुपारभर झोपून नुकती जागी झाल्यासारखी.

आपल्याकडे आखाजीची एक रीत आहे. ह्या काठाच्या पोरींनी त्या काठाच्या पोरींना गाण्यातून शिव्या घालायच्या, आणि त्यांनी परत द्यायच्या. त्या दिवशी राग मानायचा नसतो. पण त्या संध्याकाळी पल्याडच्या पोरी आल्याच नव्हत्या. पल्याड उभा होता एकच माणूस. उंच, सावळा, डोक्यावर टोपी, हातात लांब बारीक काठी. काठी हलवत होता, दोर फेकत होता, पुन्हा गुंडाळत होता. हाती काही येत नव्हतं.

"आज ह्यालाच घ्या गं!" असं म्हणून भूमिकाने गाणं उचललं. गाणं बांधण्यात तिचा हात धरणारी गावात कुणी नव्हती.

"पल्याड हुबा बगळा, बगळाना हातमा काठी,
मासोळी हासे त्याले, शेपूट मारे पाठी!"

पोरी खिदळल्या. पल्याडचा थबकला. त्याने टोपी मागे सारली, इकडे पाहिलं, आणि पुन्हा दोर फेकला. पाहिलं एकीकडे आणि फेकला दुसरीकडे, मग व्हायचं तेच झालं. भूमिकाने गुडघाभर पाण्यात उभं राहून टोपली नुकतीच सोडली होती. दोराच्या टोकाला काहीतरी चकाकलं, टोपलीच्या काठात रुतलं, आणि बघता बघता गौराई प्रवाह सोडून आडवी... पल्याड निघाली!

"अरे ए! आमनी गौराईले कोठे ली जाय ऱ्हायना रे?"

"सुरतले!" पलीकडून उत्तर आलं. तेही अहिराणीतच. "तिनं सासर तठेच शे!"

ह्या रीतीत उलट उत्तर पुरुषाने द्यायचं नसतं, आणि दिलं तरी इतकं नेमकं द्यायचं नसतं. भूमिकाने ओल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले. हसू येत होतं, ते तिने ओठांतच धरलं... पण पलीकडच्याने ते बहुतेक पाहिलंच.

*

गावात बातमीला पाय लागत नाहीत, पंख लागतात. रात्रीच्या जेवणाआधीच सगळ्यांना कळलं की तो हितेंद्र, शेजारच्या कुंदाबाईच्या बहिणीचा मुलगा. जन्म सुरतेचा, एम्ब्रॉयडरीची मशीनं दुरुस्त करतो, आणि सुट्टीला मावशीकडे आलाय.

दुसऱ्या दिवशी तो भूमिकाच्या दारात उभा. तिने घराच्या पुढच्या खोलीत बांगड्या-टिकल्यांचं दुकान थाटलं होतं.

"टोपली परत द्यायला आलो."

"आणि गौराई?"

"तिला सोडली पाण्यात. पोहोचेल सुरतेला. मधे उकाईचं धरण आहे, तिथे जरा थांबावं लागेल तिला."

"तुम्हाला बांगड्या घ्यायच्यात का?" भूमिकाने तोंड शक्य तेवढं कोरडं ठेवलं.

"नाही. टोपलीत माझा मासा अडकलाय. निघत नाही... तुमची टोपली कापायची हिंमत होईना."

तिने पाहिलं. बोटभर लाकडी मासा होता. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, त्याला कोरलेले डोळे, अंगाला चांदीचा रंग, पोटाखाली गळ. तिने टोपलीची कामटी हळूच वाकवली आणि गळ सहज सुटला. तिला नवल वाटलं. गळ असा सुटतो होय?

"गळाला एक उलटं कुसळ असतं," तो म्हणाला. "ते मी पक्कडीने दाबून टाकतो. माशाला जायचं असेल तर जाऊ शकतो."

"मग पकडता कशाला?"

"भेटायला."

भूमिकाने खाली मान घालून उगाचच बांगड्यांचे जोड नीट केले. थोड्या वेळाने म्हणाली, "तुमच्या माशाचा रंग उडालाय. आणि ही चांदी आमच्या पाण्यात दिसणार नाही. आमचं पाणी हिरवं आहे."

"खाडीचा रंग आहे तो. तिथली बोई मासळी अशीच चमकते. तीच ओळख घेऊन इथे आलो, म्हणून इथले मासे विचारत नाहीत."

तिने काउंटरवरची नेलपॉलिशची बाटली उघडली. पाठीवर हिरवा, पोटाला नारिंगी, डोळ्याला एक काळा ठिपका. तो बघत होता. माशाकडेच बघत होता असं नाही.

"वाळेपर्यंत हात लावू नका," ती म्हणाली.

"कशाला?"

"माशाला!" आणि मग तिला आपलं हसू ओठांत धरता आलं नाही.

*

मग सकाळी पाणी आणायला, कपडे धुवायला, नुसतंच पाय बुडवायला — भूमिकाला नदीवर कामं फार निघू लागली. तो खडकावर बसून दोर फेकायचा आणि मनगटाच्या नुसत्या हालचालीने लाकडाला जिवंत करायचा. मासा लंगडायचा, थांबायचा, घाबरून पळायचा.

"आमच्या गळवाल्यांत दोन तट आहेत," तो सांगायचा. "आम्ही रविवारी खाडीवर जमतो. हिरे घासायच्या घंटीवरचे कारागीर, बँकेतून रिटायर झालेले, सगळे. काही जण जिवंत झिंगा लावतात. आमचे रिटायर काका म्हणतात, झिंगा लावणं म्हणजे जेवायला बोलावून मागून कडी लावणं."

"आणि तुमचं लाकूड? ती फसवणूक नाही?"

"हे नुसतं चिडवणं. भूक नसली तरी मासा अंगावर येतो, हा कोण उपटसुंभ म्हणून. तुमच्या आखाजीच्या गाण्यासारखं... चिडवलं नसतं तर मी तरी कशाला पाहिलं असतं?"

त्याच घटकेला दोर ताणला गेला. मोठी मरळ, अंगावर काळे पट्टे, पाण्यावर उसळली. तिने रंगवलेल्या माशावरच ती आली होती. भूमिका लहान पोरीसारखी ओरडली. त्याने मरळ जवळ आणली, हात ओले केले, गळ काढला — आणि सोडून दिली.

"अहो! सोडली?"

"भेट झाली ना."

तिने कपड्यांची बादली उचलली. "गळाला लावायचं नि सोडून द्यायचं. सवयच आहे म्हणा तुम्हाला. परवा जाणार ना सुरतेला?"

तो दोर गुंडाळत राहिला. ती चार पावलं चढली तेव्हा मागून हळूच आवाज आला, "कुसळ नसलेल्या गळाला दोर सैल सोडून चालत नाही, भूमिका. सैल सोडला की गेलं. मी... रोज फोन केला तर चालेल?"

तिने मागे वळून पाहिलं नाही. बादलीतलं पाणी मात्र हिंदकळलं, ते त्याला दिसलं.

*

फोन येत राहिले. कपाशी वेचणीला आली, दिवाळी झाली, तरी दोर सैल पडला नाही. कधी तो खाडीवरून बोलायचा, मागे वारा असायचा. ती फोन कानाला लावून आपल्या नदीकडे बघायची. पाणी इथून निघतं आणि तो उभा असतो तिथे पोहोचतं... असं मनात आलं की तिला फोनसुद्धा लांबचा वाटायचा.

भूमिकाचे वडील चुडामण आबा. गळ्यात माळ, बोलणं मोजकं. आई गेल्यापासून घरात दोघंच. आबांना एकटं टाकून लांब जायचं तिच्या जिवावर यायचं, म्हणून तिने एक अट घालून ठेवली होती — तापीच्या काठचाच मुलगा पाहिजे. ह्या अटीवर नशिराबादचं स्थळ परत गेलं, पिंपळनेरचं गेलं. आबाही मनातून खूशच होते.

कुंदाबाईने हितेंद्रचा विषय काढला तेव्हा आबांनी आधी तीच अट पुढे केली.

"चुडामणभाऊ, सुरत कोणत्या नदीवर शे?" कुंदाबाईने विचारलं.

भूमिका आतल्या दारामागे उभी होती, तिने ओढणीचं टोक दातात धरलं. नदी तीच, हे ठाऊक होतं; पण सुरत आपल्या अटीत बसते हे इतक्या दिवसांत तिच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"काठ शे, कबूल," आबा म्हणाले. "पन तो पोऱ्या मासाले टोचस, आनी सोडी देस. खाई तर भूक म्हनता येई. खात नही, तर टोचस कशाला? आनी हातमा आयेलं जो सोडी देस, तो उद्या बायकोले बी सोडी देई!"

कुंदाबाई हसली, पण आबा हसले नाहीत. गावातल्या चार शहाण्यांनीही माना डोलावल्या. पकडलेलं सोडणारा माणूस कुणी पाहिला नव्हता. त्याचा भरवसा काय?

त्या संध्याकाळी भूमिका फोनवर रडली. "नुसतं म्हणा, मासेमारी सोडली म्हणून. आबा ऐकतील."

पलीकडे खाडीचा वारा वाजत होता.

"म्हणेन," तो म्हणाला, "आणि रविवारी चोरून जाईन. तसा चालेन तुला?"

तिने डोळे पुसले. "नाही," ती म्हणाली. आणि आबांपुढे जाऊन उभी राहिली. "आबा, नाही म्हणायचं तर म्हणा. पण एकदा घर बघून म्हणा. स्थळाचं घर न बघता नाही म्हणायची आपली रीत नाही."

*

आबा भूमिकाला घेऊन सुरतेला गेले. घर बघून झालं, चहापोहे झाले. तेवढ्यात आबाच म्हणाले, "आता ते दाखव. तू मासे टोचस ती जागा."

खाडीवर ऊन कलतं झालं होतं. भूमिका थक्क होऊन बघतच राहिली. ही तापी? इतकी रुंद, राखाडी, मऊ... पलीकडचा काठ धुरकट, आणि वाऱ्याला मिठाचा वास. गावाकडे जी नदी हाकेला ओ देते, ती इथे हाक मारली तरी ऐकणार नाही इतकी मोठी झाली होती.

हितेंद्रने खिशातून मासा काढला. पाठ हिरवी, पोट नारिंगी. ठिकठिकाणी दातांचे ओरखडे.

"अजून तोच?" ती कुजबुजली.

"खाडीत चालणार नाही म्हणत होते सगळे. इथेही चालतो."

ओहोटी संपत आली होती. पाणी अगदी थांबल्यासारखं. ह्याच वेळेला जिताडा कडेला येतो, तो हळू आवाजात आबांना सांगत होता, आणि बोलता बोलताच दोर सुंईकन ताणला गेला. पाण्यातून चांदीचा एक पत्रा उसळला. आबा नकळत दोन पावलं पुढे झाले, चिखलात.

मासा थकून कडेला आला. हितेंद्र गुडघाभर पाण्यात उतरला. गळ नुसता बोटाने ढकलला, निघाला. मग दोन्ही तळवे उघडे ठेवून त्याने मासा त्यांवर पाण्यातच तोलून धरला.

"सोड ना मग," आबा म्हणाले.

"सोडलाय, आबा. कधीचाच सोडलाय. दम घेतोय तो. दम येईपर्यंत आपण थांबायचं असतं."

आबा वाकले. खरंच, तळवे सताड उघडे होते. मासा त्यांवर नुसता टेकला होता, कल्ले उघडत, मिटत. बराच वेळ गेला. मग शेपटी एकदा हलली... आणि तो गेला.

भूमिका चप्पल काढून पाण्यात उतरली. "आबा, मला कुणी पकडलेलं नाही. त्याच्या गळाला लागली होती ती गौराई. मी माझ्या पायांनी आलेय."

आबांनी ओंजळीत पाणी घेतलं, ओठांना लावलं आणि तोंड वाकडं केलं. "खारट शे. आपली नदी इतली गोड, आठे ई सन खारट व्हयनी..."

हे नदीबद्दल नव्हतं, ते तिघांनाही कळलं. आणि नेमकं तेव्हाच पाण्यावरचा फेस हलला. एक वाळकी काडी आली, समुद्राकडून. आबांच्या पायाजवळून ती वर, उगवतीकडे निघाली. तिच्यामागे पानं, बुडबुडे, सगळं पाणीच.

"अरे... नदी उलटी चालनी!"

"भरती लागली," हितेंद्र म्हणाला. "रोज अशी माहेराकडे तोंड करते ती."

"आमना गावलोंग येस?"

"नाही, आबा. तेवढी नाही येत. तुम्हाला खोटं कशाला सांगू?"

आबा त्या काडीकडे बघत राहिले, दिसेनाशी होईपर्यंत. मग धोतराचा सोगा सावरत वळले. "नदी नही येवाव. पन आखाजीले मनी आंडेर, मनी पोर, येवाले पाहिजे. झोका बांधी ठेवसू." आणि पाठमोरेच म्हणाले, "तू बी ये. ती काठी ली सन ये."

ते काठ चढून गेले. पाणी चढत होतं, घोट्यावरून पोटरीवर. भूमिकाने आपला तळहात पाण्यावर उघडा धरला. हितेंद्रने त्यावर आपला टेकवला — ओला, खारट, मासळीचा वास असलेला.

"सोडलाय हं," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

मूठ दोघांपैकी कुणीच मिटली नाही. हात मात्र तिथेच राहिले, भरती गुडघ्याला लागेपर्यंत.