सव्वादोनचं माप

माझ्या मोकळ्या हाताकडे पाहून लोक सहसा "लग्नाचं काही जमतंय का?" असं विचारतात. बांगड्यांच्या दुकानात सम्मेद नुसतं म्हणाला, "सव्वादोन."

"काय सव्वादोन?"

"तुमच्या बांगडीचं माप की. दाखवू का?"

"बांगड्या नकोत. मला तीन बायका पाहिजेत."

दुकानात बांगड्या भरायला बसलेल्या दोघीजणींनी एकदम वळून माझ्याकडे पाहिलं. माझं बोलणं हे असं. दिवसभर पेशींबरोबर राहायचं, त्यांना बोललेलं कधी लागत नाही, त्यामुळे जिभेला जपून बोलायची सवय उरत नाही.

मग मी सगळं नीट सांगितलं. मी तेजस्वी, गारगोटीची. कोल्हापुरात एका प्रयोगशाळेत संशोधन करते. काही घरांत कॅन्सरचा धोका आई-वडिलांकडून मुलांत उतरतो, एका जनुकातल्या बारीकशा बदलातून. मुरगूडजवळच्या कृष्णातकाका नावाच्या एका गृहस्थांच्या घरात चार पिढ्यांत सहाजणी अशा गेल्या होत्या. त्या घराचा वंशवृक्ष मी काढत होते. काकांना पुरुषांच्या सात पिढ्या तोंडपाठ, पण स्वतःच्या तीन आत्या कुठे दिल्या ते विचारलं, तर म्हणाले, "दिल्या की कुठंतरी तिकडं! त्या कासाराला विचारा, त्यानंच चुडं भरलंत."

म्हणून मी मुरगूडच्या या दुकानात आले होते. मागे पाटावर सम्मेदचे वडील, जयपालआण्णा, डोळे मिटून बसले होते. घराण्याचं नाव ऐकलं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"थोरली अडीचची. दणकट हात. बिद्रीला दिली. मधली कागलाकडं... धाकटी बायडा. लई मऊ हात. ती निपाणीपल्याड."

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे हात त्यांना आठवत होते. मी वहीत तीन गोल काढले — वंशवृक्षात बाईला गोल असतो — आणि आण्णांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण तेवढ्यात सम्मेद म्हणाला, "पावणं, एकट्या जाऊ नका. कॅन्सरचं नाव काढलं की दार लावून घेत्यात लोक. कासाराला कोण दार लावत न्हाय."

पुढचे चार महिने आम्ही दर रविवारी त्याच्या मोटारसायकलवर हिंडलो. त्याच्या पाठीवर बांगड्यांची पेटी, माझ्या मांडीवर रक्ताच्या नमुन्यांची थंड पेटी. उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत, मळीच्या वासातून. तो आधी घरातल्या बायकांना बांगड्या भरायचा. अंगठा तळव्यात दुमडायचा, हात दाबायचा, आणि काच अशी सरकायची की बाईचं बोलणंही तुटायचं नाही. मग मी हळूच विषय काढायचे. भरून झालं की प्रत्येक बाई त्याला नमस्कार करायची. सत्तरीची म्हातारीसुद्धा या तिशीतल्या पोराला हात जोडायची.

"हे काय?" मी एकदा विचारलं.

"रीत हाय." एवढंच बोलून त्याने गाडीला किक मारली.

पाच वाजले की तो गाडी वळवायचा. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवण. पद्मावतीकाकू, त्याच्या आई, माझंही ताट वाढून ठेवायच्या. मी "भूक नाही" म्हणायचे आणि तीन भाकऱ्या खायचे.

"तुमच्या हातनं कधी बांगडी फुटते का हो?"

"माझ्या? आजवर न्हाय."

"फार गर्व!"

"गर्व न्हवं. तुमच्या लॅबमधी असतंय न्हवं, मोजलेलं? तसं."

मला तो आवडायला लागला होता. आता यात लपवण्यासारखं काही नाही. सोमवार ते शनिवार मी काम करत होते आणि रविवारी जगत होते.

म्हणूनच सांगणं भाग होतं. बिद्रीजवळ चहाच्या टपरीवर त्यानेच विचारलं, "तुम्ही ह्यात कशा पडला?"

"आई गेली. मी दहावीत होते. पुढे याच विषयात शिकले आणि स्वतःचंही रक्त तपासलं..." मी कपाकडे बघत एका दमात बोलले. "तसाच बदल माझ्यातही आहे. म्हणजे रोग झालाय असं नाही, पण धोका मोठा आहे. दरवर्षी तपासणी असते. कधीतरी ऑपरेशन करून घ्यावं लागेल. मुलांत उतरायची शक्यता निम्मी. दोन स्थळांना हे आधीच सांगितलं. दोघांच्याही पत्रिका दुसऱ्या दिवशी जुळेनाशा झाल्या."

सम्मेदने माझ्या कपाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाला, "चहा निवला तुमचा. दुसरा सांगतो."

पुढच्या रविवारी दुकानात मीच हात पुढे केला. "भरा. सव्वादोन. लॅबमध्ये चालत नाहीत, पण आज सुट्टी आहे."

त्याने हात पुढे आणला... आणि मागे घेतला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आई," त्याने आत हाक मारली, "जरा बघ की हिकडं."

शेकडो बायकांचे हात धरणाऱ्या माणसाने माझा तेवढा धरला नाही. कारण शोधायला मला संशोधनाची गरज वाटली नाही. "राहू दे," म्हटलं आणि निघाले. पुढचे तीन रविवार एसटीने एकटी हिंडले.

दरम्यान बायडाबाईंची मुलगी बनाबाई हिचा रिपोर्ट आला. तिच्यात तो बदल होता. मी निपाणीपल्याड जाऊन तिला समोर बसवून सांगितलं, कोल्हापूरला तपासणीला आणलं, आणि छातीत गाठ सापडली. हरभऱ्याएवढी. डॉक्टर म्हणाले, "अगदी वेळेत आलात." चार पिढ्यांत त्या घरातली कुणी वेळेत आली नव्हती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले.

पण ऑपरेशनच्या सकाळी बनाबाई अडून बसली. नर्स बांगड्या उतरवायला सांगत होती.

"दुसऱ्या कुणाला हात लावू देणार न्हाय मी. उतरवायच्या तर कासारानं, आन् परत भरायच्या त्यानंच. बोलवा त्याला!"

मी फोन केला. तो तासाभरात आला. साबण लावून एकेक बांगडी त्याने अख्खी उतरवली, रुमालात बांधली, खिशात ठेवली. माझ्याकडे न बघता जिना उतरला.

चार दिवसांनी, भर दुपारी, वॉर्डात त्याने त्याच बांगड्या तिच्या हातात पुन्हा चढवल्या. बनाबाईने पडल्या पडल्या हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. तो निघाला, तेव्हा मला राहवलं नाही.

"घाबरलात ना? तसं सरळ सांगायचं. हा रोग हात धरल्याने लागत नाही."

"कोण घाबरलंय?"

"मग माझा हात का नाही धरलात?"

त्याने पेटी खाली ठेवली. "आत्ता बघितलासा न्हवं? बांगड्या भरल्या की बाई कासाराला नमस्कार करती. मंजी आमी तिच्या बापाच्या, भावाच्या जागी." त्याने मान खाली घातली. "सगळ्या तालुक्याचा भाऊ हाय मी. तुमचा... व्हायचं नव्हतं मला."

मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते.

"आणि माझ्यातलं ते? चहाच्या वेळी गप्प बसलात."

"काय बोलायचं सुचंना. तुमच्या आईगत तुमीबी जाशीला काय, ह्या भीतीनं रात्रभर झोप न्हाय." आता तो सरळ माझ्याकडे बघत होता. "पर काचेचा धंदा हाय आमचा. फुटंल म्हणून कोण बांगड्या घालायचं सोडतंय व्हय? तपासणीला मी घिऊन जाईन. मुलांचं काय ते आपण दोघं बसून ठरवू."

"मी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा सोडणार नाही."

"त्ये मातुर आईला तुमीच सांगा."

मी खाटेच्या कडेला बसले आणि उजवा हात त्याच्यापुढे धरला.

"भर," मी म्हटलं. "नमस्कार करणार नाही."

त्याने पेटीतून हिरवी काच काढली. माझा अंगठा तळव्यात दुमडला. त्याची बोटं गरम होती. पहिलीच बांगडी कट्‌कन फुटली.

"फुटली की रं!" डोळे मिटूनच बनाबाई ओरडली.

"फुटू दे की," सम्मेद म्हणाला, आणि माझा हात न सोडता दुसऱ्या हाताने पेटीत दुसरी बांगडी शोधू लागला.