"मिळालं" म्हणेपर्यंत

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं म्हणावं. मी तिथं होते.

मी शिवांजली. आम्ही कवठे महांकाळचे. गेल्या वर्षीची खंडेनवमी, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला एक लोखंड ओतायचा कारखाना. सगळं भरदिवसा घडलंय, लख्ख उन्हात.

माझा भाऊ वीरदादा तिथं कॉम्प्युटर सांभाळायचा. भट्टी गार ठेवणारं पाणी थांबलं की आपोआप मेल जाईल, असा प्रोग्राम त्यानं लिहिला होता. मेल पाठवायचा तयार कोड मिळतो, त्याला लायब्ररी म्हणतात म्हणे, ती त्यात जोडली होती.

"प्रोग्राम आधी सर्व्हरला रामराम घालतो, मग निरोप देतो," दादा सांगायचा. "पण सर्व्हरनं निरोप घेतला म्हणून भागत न्हाई. ज्याला पाठवला त्यानं उलट 'मिळालं' लिहिलं पायजे. तवर माझा मेल जातच राहणार."

"लय चिवट हाय की!"

"तुझ्यावर गेलाय."

तो मेल जायचा सुपरवायझरला. म्हणजे इंद्रजितला. दादाचा जिवलग मित्र, आणि माझा होणारा नवरा. दादानंच आमचं जमवलं होतं. इंद्रजितच्या मोबाईलवर त्या मेलसाठी दादानं स्वतःचा आवाज भरून दिला होता...

"इंद्या, पाणी थांबलंय!"

एक दिवस खरंच पाणी थांबलं. भट्टी फुटली.

दादा गेला.

"मेल आलाच न्हाई वो," इंद्रजित रडत सगळ्यांना मोबाईल दाखवत होता. त्यात मेल नव्हताच. मालक मानसिंगरावांनी तो प्रोग्राम कायमचा काढून टाकला. आणि गावात बोभाटा झाला, पोरगा स्वतःच्याच प्रोग्रामच्या चुकीनं मेला. माझी आई बनुबाई कुणाच्या दारात जाईना की कुणाशी बोलेना. मी मात्र इंद्रजितचे डोळे पुसत बसले. एवढा जीव होता माझा त्याच्यावर.

वर्ष सरलं. आमचं लग्न दिवाळीनंतर करायचं ठरलं. खंडेनवमीला मालकांनी आम्हाला पूजेला बोलावलं.

त्या दिवशी कारखान्यात कुठलंच यंत्र चालवत नाहीत. मेन स्विच खाली. पंखेसुद्धा बंद. सगळ्या यंत्रांना हळदीकुंकू आणि झेंडूचे हार. दादाच्या कॉम्प्युटरला आईनं हार घातला. त्याची वायर मीच काढून बाजूला ठेवली होती.

सगळे हात जोडून उभे होते. एवढं शांत, की उदबत्तीची राख पडलेली कळावी.

आणि...

"इंद्या, पाणी थांबलंय!"

आई ताट घेऊन तशीच वळली. "वीरू?"

आवाज इंद्रजितच्या खिशातून आला होता. त्यानं मोबाईल काढला, बंद केला. अगदी बंद. पडदा काळा झालेला मी बघितला.

परत...

"इंद्या, पाणी थांबलंय!"

इंद्रजितच्या तोंडचं पाणी पळालं. तो कॉम्प्युटरकडं बघून पुटपुटला, "त्या दिवशी पुसून टाकलं हुतं की रं..."

मी शेजारीच होते. मला ऐकू आलं.

"काय पुसलं हुतं? आवं, बोला की!"

"शेवटची ओतणी हुती, शिवा. भट्टी थांबवली असती तर सगळा माल वाया गेला असता. म्हणून त्यालाच म्हणलं, भट्टीखाली जाऊन पाणी बघून ये..."

मेल आला होता. यानं वाचला होता. आणि भट्टी चालू ठेवून माझ्याच भावाला खाली धाडलं होतं! वर्षभर आमच्या घरी येऊन, आईच्या हातचं जेवून, हा माणूस दादाला दोष लागू देत होता.

मालक पुढं आले. "इंद्रजित, काय हाय हे? मेल आलावता का?"

आईनं पदर पसरला. "एकदा 'मिळालं' म्हण, बाबा. माझ्या लेकराच्या नावाला लागलेला बट्टा तेवढा जाऊ दे."

इंद्रजितनं आईकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग मालकांकडं.

"न्हाई मालक. मला काय आलं न्हाई."

त्याच्या हातातला काळा मोबाईल बोलतच होता. दादाचा आवाज हळूहळू बसत चालला होता, हाका मारून मारून बसतो तसा.

मी साखरपुड्याची अंगठी काढून त्याच्या पायाशी टाकली आणि आईला घेऊन निघाले.

कॉम्प्युटर दुसऱ्याच दिवशी भंगारात गेला. इंद्रजितनं नोकरी सोडली, नंबर बदलला. कुठं तोंड लपवून बसलाय, देव जाणे.

आता मेल माझ्याकडं येतो.

माझा पत्ता त्या प्रोग्राममध्ये कधीच नव्हता. माझ्या मोबाईलमध्ये दादाचा आवाजही कुणी भरलेला नाही. तरी भाकरी थापताना, बसमध्ये, कधीही... "इंद्या, पाणी थांबलंय!" आई हातातलं काम टाकून धावत येते.

पहिल्यांदा आला तेव्हाच मी रडत रडत लिहून पाठवलं होतं... "मिळालं, दादा. सगळं मिळालं. आता थांब रं."

थोडा वेळ सगळं शांत झालं.

मग परत आला.

माझं उत्तर त्याला चालत नाही.