टाकीजवळची दोरी

त्या इमारतीत नावांच्या भानगडीत कुणी पडत नसे. एकाचं नाव दुसऱ्याच्या जिभेवर वळायचं नाही, आणि वळलंच तर असं काही वळायचं की ज्याचं नाव त्यालाच ओळखू येऊ नये. म्हणून ज्याचा जो धंदा तेच त्याचं नाव. तळमजल्यावर बेकरीवाला, मधल्या मजल्यावर सलूनवाल्या बहिणी, सगळ्यात वर एकटी राहणारी नर्सबाई. प्रत्येकाची बोली वेगळी, देव वेगळा, स्वयंपाकाचा वास वेगळा. जिन्यात एकमेकांशी बोलायला सगळ्यांची मिळून एक मोडकीतोडकी भाषा होती. ती सगळ्यांनाच सारखी वाईट येत असल्यामुळे कुणाला कुणाची लाज वाटत नसे.

नव्या बिऱ्हाडातली सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, म्हणून राहायला आल्या आठवड्यातच ती लॅबवाली झाली. नवरा झाला लॅबवालीचा नवरा, आणि त्याला त्याचं थोडं वाईटही वाटलं. सासूबाई मात्र बघता बघता अख्ख्या इमारतीच्या आई झाल्या. समोरच्याची भाषा येत नाही ही अडचण त्यांनी मनावरच घेतली नाही. त्या आपल्या भाषेत गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगायच्या, बेकरीवाला त्याच्या भाषेत भट्टीचं रडगाणं गायचा, दोघंही माना डोलवायचे. वर येऊन सासूबाई सांगायच्या, "अगं, त्याच्या थोरल्या मुलीचं नवऱ्याशी पटत नाहीये." लॅबवाली हसायची. मग महिन्याभराने ती थोरली मुलगी बॅगा घेऊन खरोखरच माहेरी आली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी लॅबवाली धुणं घेऊन गच्चीवर जायची. तिला ती वेळ आवडायची. प्रत्येकाच्या दोऱ्या ठरलेल्या होत्या आणि कपड्यांवरून माणसं कळायची. नर्सबाईचे निळे गणवेश, शिस्तीत, एका अंतरावर. सलूनवाल्यांचे टॉवेल, केसांचा बारीक चुरा चिकटलेले. बेकरीवाल्याचे अॅप्रन कितीही धुतले तरी झटकल्यावर पीठ उडायचंच. त्यांच्यात आपले पांढरे कोट आणि नवऱ्याचे बाह्या ताणलेले शर्ट लटकताना बघून तिला वाटायचं, चला, आपणही इथले झालो.

पाण्याच्या टाकीजवळ एक दोरी इतरांपेक्षा बरीच खाली बांधलेली होती. तिच्यावर लहान मुलाचे कपडे असायचे. दोन-तीन सदरे, चड्ड्या, एक पिवळा स्वेटर. तिने पहिले काही आठवडे त्याकडे लक्षही दिलं नाही.

एकदा अचानक आभाळ भरून आलं आणि सगळे धावत गच्चीवर आले. लॅबवालीही आली. तिने पाहिलं ते असं, की नर्सबाई आपल्या गणवेशांवरून सरळ पुढे गेली आणि आधी टाकीजवळचे कपडे काढले. सलूनवाल्या धाकटीने ते तिच्या हातून घेऊन ओढणीखाली धरले. स्वतःचे टॉवेल भिजले तरी त्यांना काही वाटलं नाही.

"कुणाचे हो हे?" लॅबवालीने विचारलं.

"बाळाचे," नर्सबाई म्हणाली.

"कुणाच्या बाळाचे?"

नर्सबाईने तिच्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं. "वरच्या मजल्यावरच्या कुणाचं तरी असेल," असं म्हणून ती खाली उतरली.

वरच्या मजल्यावर तर नर्सबाई एकटीच राहत होती.

लॅबवालीने मग सहज म्हणून सगळ्यांकडे चौकशी केली. त्या मापाचं मूल इमारतीत नव्हतं. बेकरीवाल्याच्या मुली लग्नं झालेल्या, सलूनवाल्यांचे मुलगे ओठांवर मिसरूड फुटलेले. शेजारच्या इमारतीतून गच्चीवर यायला वाट नव्हती. ते कपडे कोण धुतं आणि कोण वाळत घालतं, हेही कुणी पाहिलेलं नव्हतं. "असेल कुणीतरी," बेकरीवाला पाव बांधता बांधता म्हणाला, "आपल्याला काय त्रास आहे का?" आणि विषय बदलावा म्हणून त्याने एक पाव जास्तीचा टाकला.

पण एकदा बघायला लागल्यावर तिला काय काय दिसायला लागलं. त्या दोरीवरच्या चिमट्यांत एक नर्सबाईचा निळा होता, एक बेकरीवाल्याचा लाकडी, एक तिच्या स्वतःच्या घरचा, हिरवा. सदऱ्याचं एक बटण सलूनवाल्यांच्या अंगातल्या झग्यांना असतं तसं काळं होतं. फाटलेल्या खिशाचे टाके बारीक, सारख्या अंतराचे होते. असे टाके जखमा शिवणाऱ्या हातालाच जमतात. अख्खी इमारत कुणालाही न सांगता त्या कपड्यांची काळजी घेत होती.

"तुला उगाच नाही ते बघायची सवय लागलीय," नवरा म्हणाला. "दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसतेस, त्याचा परिणाम."

त्याचं म्हणणं एका अर्थी बरोबर होतं. जे दोनदा तपासून दिसत नाही ते नाही, अशा शिस्तीत तिचं आयुष्य गेलं होतं. म्हणून एके दिवशी तिने दोरीवरचा एक सदरा पिशवीत घालून लॅबमध्ये नेला. जेवणाच्या सुट्टीत त्याची कॉलर, बगला, बाह्या सगळं भिंगाखाली घातलं. साबणाचे कण होते. सुताचे तंतू होते. माणसाच्या अंगाचं काही म्हणजे काही नव्हतं, ना केस, ना कातडीचा एखादा पापुद्रा. माणसाने एकदा जरी घातलेला कपडा असा नसतो, मग तो कितीही धुवा. तरीही कोपरावर कापड झिजून जाळीदार झालं होतं.

तिने सदरा आणून परत दोरीवर टाकला आणि घरी कुणाला काही सांगितलं नाही.

कदाचित ती ते सगळं विसरूनही गेली असती. पण घरात सासूबाईंची काळजी सुरू झाली होती. मध्यंतरी गॅस चालू राहिला होता. चष्मा फ्रीजमध्ये सापडला होता. आणि हल्ली त्या दुपारच्या गच्चीवर जाऊन बसू लागल्या होत्या. लॅबवाली एकदा लवकर घरी आली, त्यांना शोधत वर गेली, तर त्या टाकीच्या सावलीत स्टुलावर बसून बोलत होत्या.

"...मग कोल्हा म्हणाला, मी नाही जा. असं कसं नाही? तू जा म्हटलं की जायचं..."

"आई, कुणाशी बोलताय?"

सासूबाई दचकल्या नाहीत. "कुणाशी कशाला? आपली बसलेय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, कौतुकाने म्हणाल्या, "गोष्ट ऐकताना अगदी गप्प असतं हो. एरवी नुसता धुडगूस."

त्या रात्री लॅबवालीला झोप लागली नाही. सासूबाईंवर तिचा जीव होता. आपली आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे लग्नानंतर 'आई' हा शब्द तिने पहिल्यांदा वापरला तो यांच्यासाठी. त्या बाईचं डोकं असं हळूहळू हातातून निसटताना बघणं तिला सोसवेना. तिला वाटलं, सगळं त्या कपड्यांमुळे होतंय. बाकीच्यांचं ठीक आहे, त्यांना तो एक खेळ झालाय. आपल्या म्हातारीला हा खेळ झेपणार नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ती गच्चीवर गेली. दोरीवरचे सगळे कपडे काढले, घडी करून पिशवीत भरले आणि बसथांब्याशेजारी जुने कपडे टाकायची लोखंडी पेटी होती, तिच्यात टाकून दिले. पिवळा स्वेटर तेवढा फटीतून आत जाताना अडला. तिने तो जोर लावून ढकलला. दिवसभर तिला हलकं हलकं वाटत होतं.

संध्याकाळी ती परतली तेव्हा जिन्यात कुणी नव्हतं. बेकरी उघडी होती पण गल्ल्यावर कुणी नव्हतं. सगळे वर गच्चीत होते.

दिवसभर कडक ऊन पडलं होतं. दोऱ्यांवरचे कपडे वाळून कडकडीत झाले होते. पण प्रत्येक कपड्यावर, टॉवेलवर, चादरीवर, निळ्या गणवेशांवर, खालच्या बाजूला एकाच उंचीवर, एक ओली चुरगळी होती. मुठीत घट्ट धरून, ओढून बघून, सोडून दिल्यासारखी. लहान मूल गर्दीत चुकलं की जो दिसेल त्याच्या कपड्याला हात घालतं आणि वर बघतं, तशी.

एकही कपडा सुटला नव्हता.

बेकरीवाला डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा होता. सलूनवाली धाकटी डोळे पुसत होती.

लॅबवालीचा पांढरा कोट शेवटच्या दोरीवर होता. त्याच्यावर चुरगळी एक नव्हती, बऱ्याच होत्या. कोटाचा खालचा सगळा भाग ओला होता.

आणि त्याचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढलेले होते.

"शोधतंय गं ते," सासूबाई मागून हळूच म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळे तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "दुपारपासून शोधतंय. आता उघडंच आहे ना."

लॅबवाली त्यांच्याकडे बघत राहिली. हे भ्रमिष्ट बाईचं बोलणं नव्हतं. गच्चीतल्या कुणालाच ते तसं वाटलं नव्हतं.

ती जिना उतरली ती धावतच.

पेटीला कुलूप होतं. नर्सबाई तिच्या मागोमाग आलेली तिला कळलंही नव्हतं. नर्सबाईने बाही वर सारली, फटीतून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि चाचपून एकेक कपडा बाहेर काढला. जाणारे-येणारे बघत होते. पोलीस आला असता तर त्याला काय सांगायचं, हा विचार लॅबवालीच्या मनात आला. तिला हसू फुटलं आणि मग रडू आलं.

"मीही टाकले होते," नर्सबाई म्हणाली. "नवीन आले तेव्हा. सगळ्यांनीच एकदा टाकलेत."

"आहे कोण ते?"

नर्सबाईने स्वेटर झटकला. "बाळ आहे," ती म्हणाली. एवढंच तिला त्या भाषेत सांगता येत होतं, की एवढंच तिला माहीत होतं, कोण जाणे.

लॅबवालीने कपडे स्वतः धुतले, स्वतः वर नेऊन टाकीजवळ वाळत घातले. गच्चीवर तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. "चुकलं रे बाबा," ती दोरीकडे बघून पुटपुटली, आणि आपल्या शहाणपणाची लाज वाटून झपाझप खाली आली.

त्यानंतर कधी काही झालं नाही. सासूबाईंचं विसरणं औषधाने आटोक्यात आलं. ते वयाचंच होतं, डॉक्टर म्हणाले, त्यात विशेष काही नाही. त्या दुपारी वर जाऊन बसायच्या आणि लॅबवाली त्यांना अडवत नसे. उलट ऊन चढलं की पाण्याची बाटली नेऊन द्यायची. नवरा चेष्टा करायचा, पण शर्टाच्या बाह्या उसवल्या तर शिवायला सांगताना म्हणायचा, "त्याचं झालं की माझंही बघ." दोरीवरचे कपडे ऋतूंबरोबर बदलत गेले. सदरे जरा लांब झाले. पिवळा स्वेटर एक दिवस दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी एक राखाडी आला, एक माप मोठा. बेकरीवाल्याने त्या दिवशी सगळ्यांना गोड पाव वाटले. कशाबद्दल ते कुणी विचारलं नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा दोरीवर पहिल्यांदाच मोजे दिसले. लॅबवालीने ते काढताना उलटे करून पाहिले. दोन्हींचे तळवे झिजून भोकं पडली होती, आणि भोकांच्या कडेला धुऊनही न गेलेली काळी माती होती. पोर थंडीत नुसत्या मोज्यांवर हिंडत होतं. इतक्या दिवसांत बूट कुणाच्याच लक्षात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून लवकर निघून मोठ्या रस्त्यावरच्या बुटांच्या दुकानात गेली. घरापासून लांबचं दुकान होतं, मालक तिला ओळखत नव्हता. म्हातारा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. दुपारची वेळ, दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

"मुलासाठी हवेत," ती म्हणाली. "मजबूत द्या, फार हिंडतो. माप अंदाजानेच द्या."

म्हाताऱ्याने चष्म्यावरून आधी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या शेजारी, जरा खाली पाहिलं. मग तो काउंटरच्या बाहेर आला आणि कण्हत कण्हत गुडघ्यांवर बसला.

"अंदाजाने कशाला, बाई? वाढतं पोर आहे, मोजून एक नंबर मोठाच देतो." त्याने पाय मोजायची लाकडी फळी तिच्या पायांशेजारी जमिनीवर ठेवली. "हां, ये बाळा, टाच मागे टेकव. लाजायचं नाही. अस्सं."

लॅबवालीने खाली पाहिलं. फळी रिकामी होती. तिने पुन्हा एकदा पाहिलं. फळी रिकामीच होती.

म्हाताऱ्याने फळीवरची लोखंडी पट्टी अंगठ्याने हळूहळू मागे सरकवत आणली. ती मधेच कशाला तरी टेकली आणि थांबली.