माळ घातलेलं मशीन

कल्पना करा बाळांनो, की सात माणसं सात झोपड्यांत राहतात. प्रत्येकाची चूल वेगळी, दिवा वेगळा. मग कुणीतरी एक मोठं घर बांधतं आणि सातही जणांना त्यात एकेक खोली देतं. चुली वेगळ्याच राहिल्या, पण छप्पर एक झालं. आता झोपड्यांना कुलूप लावायचं, एवढंच उरलं.

२००८ साली अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात हेच घडलं, फक्त माणसांच्या जागी सर्व्हर होते. सर्व्हर म्हणजे साऱ्या ऑफिसचं काम सांभाळणारा थोरला कॉम्प्युटर. मिलिंद गायकवाडने सात जुने सर्व्हर, त्यांच्या नावासकट आणि कामासकट, एका नव्या मशीनच्या पोटात हलवले. पोटातल्या प्रत्येकाला वाटतं, मी स्वतंत्रच आहे. त्यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. जुन्या सात पेट्या मात्र बंद राहायला हव्यात. हे विसरू नका.

आणि तरीही गडबड झालीच.

"उद्या संध्याकाळपर्यंत कारण सांग, नाहीतर घरी बस, असं साहेब म्हणाले," मिलिंद सांगत होता. उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या गाळ्यावरच्या खोलीत सुहासिनी कर्णिकांचं ऑफिस होतं. खालून शिलाई मशीनची घरघर येत होती. बाई खाजगी तपास करायच्या. सिंधी व्यापाऱ्यांच्या गोदामातून माल कुठे जातो, हे शोधण्यात त्यांचा हातखंडा.

त्यांचा मदतनीस महेंद्र उभा होता, कारण त्याच्या स्टुलावर मिलिंदची दहा वर्षांची मुलगी यशोधरा बसली होती. दिवाळीची सुट्टी होती, म्हणून बाबांबरोबर आलेली.

"गडबड काय होते?" बाईंनी विचारलं.

"बिलांचा सर्व्हर मध्येच हरवतो. परत येतो, तेव्हा काही नोंदी गायब! बाकीचे सहा ठणठणीत. साहेब म्हणतात, तू तरी बिघडवतोयस, नाहीतर तुला जमत नाही."

"केव्हापासून?"

"दसऱ्यानंतर. दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर होतो. परत आलो, तर हे सुरू."

"त्याआधी सगळं नीट चालत होतं," यशोधरा म्हणाली. "बाबा रोज घरी येऊन शीळ वाजवायचे."

"शाब्बास, चांगलं लक्ष आहे तुझं," बाई म्हणाल्या.

महेंद्रला ते झोंबलं. तीन वर्षं तो बाईंच्या मागे फिरत होता. त्याला एकदाही शाब्बास मिळालं नव्हतं.

कारखान्यात बिलांचं काम माधवीकडे होतं. ती आधीच तापलेली होती.

"ट्रक दारात, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि नेमकं तेव्हाच हे बंद! कागद संपला म्हणून सदूला पिटाळते, तो येईपर्यंत स्क्रीन गोठलेली. माझंच नशीब! मिलिंद सरांना नवीन केबिन, एसी. आम्हाला काय? शिव्या."

"तुम्हाला ते मशीन नको होतं का?" महेंद्रने डोळे बारीक केले.

"मला वेळेवर बिलं हवी होती, भाऊ. ती जुन्यावर छापा, नाहीतर चुलीवर."

शिपाई सदू तंबाखू चोळत आला. जुन्या सर्व्हरच्या खोलीत आता स्टेशनरी ठेवायचे. किल्ली त्याच्याकडे.

"कागद काढतो, जरा पाठ टेकतो. सांगू नका कुणाला. बटण दाबतो, जाताना बंद करतो. वीज वाचवा, साहेबांचा हुकूम हाय."

"आत आणखी कोणी येतं?"

"उंदीर येतात. आन् त्या दिव्याचा चोक खराब झालाय. लावला की गुं गुं करतो. डुलकी बाकी झकास लागते."

खोली त्याने उघडून दाखवली. दारापाशी एकच बटण. सदूने ते दाबलं. छतातून लोंबणारा पिवळा बल्ब पेटला आणि गुं गुं ऐकू येऊ लागलं. भिंतीला सात काळ्या पेट्या, प्रत्येकीवर दसऱ्याच्या पूजेचं कुंकू. एकीवर मात्र झेंडूची वाळलेली माळ, जाडजूड.

"हिचाच एवढा मान का?" यशोधराने विचारलं.

"लाडकी होती बाळाजीकाकांची. बिलांची पेटी. तिला ते लक्ष्मी म्हणायचे."

"पूजा कोणी केली?"

"त्यांनीच. दसऱ्यानंतर साहेबांनी त्यांना बदलापूरच्या गोदामात धाडलं. म्हणाले, आता सात मशीन राखायला माणूस लागत नाय."

बाई माळेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सदूला बटण बंद करायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"झालं तर मग!" बाहेर येताच महेंद्र म्हणाला. "बाळाजी. जळतोय तो."

"जळतो, खरं. पण तो बदलापुरात, बिघाड अंबरनाथला. हात एवढा लांब असतो का, महेंद्र?"

यशोधरा फिसकन हसली. महेंद्रचे कान लाल झाले.

बदलापुरातल्या शिरगावच्या गोदामात बाळाजी एका खोक्यावर बसला होता. साठीला टेकलेला, इस्त्रीचा शर्ट, खिशात टेस्टर.

"कारखान्यातलं काही कळतं का इथे?" महेंद्रने विचारलं.

"मला कोण सांगतो? आल्यापासून एक फोन नाही. शेजारी कुत्रं मेलं तरी विचारपूस होते."

सुहासिनीबाई सावकाश म्हणाल्या, "मिलिंदने हलवलेल्या सातांपैकी एक मशीन मध्येच बंद पडतंय. उद्या त्याची नोकरी जाईल."

बाळाजी हसला. "रुसली ना लक्ष्मी? रुसणारच. पोराला स्क्रू कसा धरायचा ते मी शिकवलं. आता तो साहेब, आणि मी खोकी मोजतोय. माझी मशीनं शहाणी होती, बाई. लोडशेडिंग संपलं, वीज आली, की आपली आपण उठायची. हाक मारावी लागायची नाही. मीच तशी लावली होती."

"आजोबा, माझ्या बाबांना मदत कराल?" यशोधराने विचारलं.

बाळाजीने तिच्याकडे पाहिलं नाही. "तुझे बाबा हुशार आहेत," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुन्या खोलीच्या दारात सगळे जमले. मालक शंकरराव, माधवी, सदू, मिलिंद. बाळाजीलाही बोलावून आणलं होतं.

"यशोधरा, वर्गात हजेरी घेताना एकाच नावाला दोन मुलांनी हजर म्हटलं तर?" बाईंनी सुरुवात केली.

"बाई गोंधळतात."

"निरोप कधी एकाला मिळतो, कधी दुसऱ्याला. इथे तेच होतंय. मिलिंदचं काम चोख आहे. नव्या मशीनच्या पोटात एक बिलांचा सर्व्हर आहे, त्याच नावाचा, त्याच पत्त्याचा. आणि दुसरा इथे आहे."

"इथली सगळी बंद आहेत!" मिलिंद म्हणाला. "मी स्वतः वायरी काढल्या."

"दसऱ्याआधी. दसऱ्याला तू नागपूरला होतास. सदू, तुझा चोक कुठे आहे?"

"हा काय," सदूने वर बोट केलं.

"ट्यूबलाइटला चोक असतो. हा साधा बल्ब आहे, तो कशाला गुणगुणेल? गुणगुणतो तो पेटीतला पंखा. बटण दाब."

बल्ब पेटला. माळेखाली, झेंडूच्या आड, एक हिरवा ठिपका लुकलुकला आणि गुं गुं सुरू झालं.

"बल्बचा आणि मागच्या प्लगचा जोड एकाच बटणावर आहे. लक्ष्मी वीज आली की आपली आपण उठते, हे काल बाळाजींनीच सांगितलं. माधवीबाई कागदाला पाठवतात, सदू दिवा लावून पाठ टेकतो, तेवढ्यात ही जागी होऊन म्हणते, हजर! निम्म्या नोंदी हिच्या पोटात जातात. सदू दिवा मालवतो, की त्या नोंदींसकट ही झोपते. मिलिंद, बघ, हरवलेली बिलं इथेच सापडतील."

मिलिंदने जुन्या पेटीला स्क्रीन जोडली. थोड्या वेळाने तो ओरडला, "आहेत! सगळी आहेत!"

"पण हिच्या वायरी जोडल्या कोणी?" शंकररावांनी विचारलं.

"मी," बाळाजी म्हणाला. "बंद पडलेल्या यंत्राची पूजा करत नाहीत, साहेब. ते मढ्याला हार घातल्यासारखं. दिवे लुकलुकावेत, पूर्वीसारखी साऱ्यांशी जोडलेली दिसावी, म्हणून विजेची आणि नेटवर्कची, दोन्ही वायरी लावल्या. आरती झाली आणि तुमचा बदलीचा कागद हातात आला. काढायचं राहून गेलं. वाईट हेतू नव्हता."

"दसऱ्याला नव्हता," बाई हळूच म्हणाल्या. "काल होता. मी म्हणाले, एक मशीन. कोणतं ते सांगितलं नाही. तुम्हाला कुणाचा फोन नव्हता, तरी तुम्ही लक्ष्मीचं नाव घेतलंत. ऐकताक्षणी वायर आठवली तुम्हाला. ही पोर मदत मागत होती, आणि तुम्ही मिलिंदची नोकरी जाऊ द्यायला तयार झालात. हात नाही लावला, फक्त तोंड मिटलं."

बाळाजीची मान खाली गेली. "पोरगा म्हणायचो त्याला. त्याचं कौतुक ऐकलं की पोटात आग पडायची."

महेंद्र स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. ती आग कशी असते, हे त्याला कालपासून ठाऊक होतं.

"प्लग मी बघायला हवा होता," तो पुटपुटला. "मी फक्त माणूस बघितला."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "आता शिकलास."

शंकरराव मिलिंदच्या पाठीवर थाप मारून त्याला नव्या केबिनकडे घेऊन गेले. माधवी मागोमाग गेली. सदूने लक्ष्मीचा प्लग उपसला. बाळाजीला कुणीच काही म्हणालं नाही. ना जा, ना थांब.

यशोधरा दारात घुटमळली. मग ती परत आत आली, कोनाड्यातली कुंकवाची डबी तिने उचलली आणि बाळाजीच्या हातात ठेवली.

"आमच्या घरी करत नाहीत, आजोबा. पण तुम्ही करता ना? केबिनमधल्या नव्या मशीनमध्ये लक्ष्मी आलीय आणि तिला अजून कुणी टिळाच लावला नाही."

बाळाजी तिच्याकडे बघतच राहिला. तिने त्याचं बोट धरलं आणि त्याला बाबांच्या केबिनकडे ओढत नेलं.