समोरची रांग

भर प्रार्थनेत मी एकटीच ओरडले, आणि समोरच्या रांगेतला एक जण हसला. आमची ओळख झाली ती अशी.

सन बासष्ट. कन्नड मुलखात हेब्बाळच्या तळ्याकाठी ख्रिस्ती ब्रह्मचारी बंधूंचा एक लहानसा आश्रम होता. तिथले वडीलधारे कृष्णाजीअण्णा मूळचे नगरचे, म्हणून शनिवारी संध्याकाळी स्तोत्रं मराठीत गायली जायची. आमची गोजरामावशी नेमाने जाई. त्या दिवशी तिचा गुडघा धरला होता, म्हणून सोबतीला मी. प्रार्थनामंदिरात समोरासमोर दोन रांगा... एक बंधूंची, एक आम्हा पाहुण्यांची. स्तोत्राचं एक वचन त्यांनी म्हणायचं, पुढचं आम्ही. आणि प्रत्येक वचनाच्या मध्यावर एक श्वासभर अगदी गप्प व्हायचं. त्या शांततेत देवाचं ऐकायचं, म्हणे.

मी टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर! लाइनवर कोणी गप्प झालं की आमचा जीव कासावीस होतो. सगळे थांबले, आणि मी खणखणीत आवाजात एकटीच पुढे निघून गेले.

नंतर बाहेर चपला शोधत होते, तर तो हसणारा पुढ्यात हजर. सडपातळ, खादीचा सदरा, डोळ्यांत अजून तेच हसू.

"मी शमुवेल रणपिसे, अण्णांच्याच नगरचा. तुम्हाला थांबायला शिकवायचं काम अण्णांनी माझ्यावर सोपवलंय."

"मी क्षमा. पण मी परत येणार आहे, हे अण्णांना कोणी सांगितलं?"

"मावशींचा गुडघा," तो गंभीरपणे म्हणाला, "लवकर बरा होण्यातला दिसत नाही."

गुडघा चार दिवसांत बरा झाला. मीच मावशीला म्हटलं, अगं, दुखतोय असंच म्हण!

प्रार्थनेआधी तळ्याच्या बांधावर आमची शिकवणी चालायची.

"त्या मधल्या वेळात करायचं तरी काय?" मी विचारलं.

"काही नाही. शेजारच्यांचा श्वास ऐकायचा. सगळ्यांचा एक झाला, की पुढे जायचं."

"आणि नाहीच झाला तर?"

"तर... स्वल्प थांबायचं."

"अय्या! नगरकरांना कन्नड येतं?"

"एवढंच येतं. भाजीवाली दर पावशेराला शिकवते."

हसता हसता मी खरंच शिकले. एका संध्याकाळी वचनाच्या मध्यावर सगळे थांबले, मीही थांबले... आणि माझ्या डोक्यातली सगळी बडबड निवली. खिडकीबाहेर वारा होता, उदबत्तीसारखा ओल्या गवताचा वास होता. कोणाला काही विचारावंसं वाटेना. मग समोरून त्याचं वचन आलं, आणि त्याने जिथे सोडलं तिथून मी उचललं. डोळे वर केले तर तो माझ्याकडेच पाहत होता. दोघांनीही घाईघाईने माना खाली घातल्या. मला तो आवडला होता, त्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मावशी हळूच म्हणाली, "जीव लावू नकोस गं. तो उमेदवार आहे, अजून शिकाऊ म्हणून त्यांच्या रांगेत बसतो. पेंटेकॉस्टच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी त्याचं ठरणार. इथे भाषण नाही, शपथ नाही. त्या दिवशी बंधूंच्या रांगेत बसला, की जन्माचा ब्रह्मचारी. आपल्या रांगेत बसला, तर संसारी."

आठवडाभर मी धुमसत होते. दुसरी कोणी मुलगी असती तर तिच्याशी भांडले असते. देवाशी कशी चढाओढ करायची?

शनिवारी बांधावर त्याला गाठलंच.

"सांगितलं का नाहीत?"

"सांगणार होतो... प्रत्येक वेळी."

"मग आता माझं ऐका. तुम्ही मला आवडता. फार आवडता. देवाच्या वाटेत मी येणार नाही. पण हे ठाऊक नसताना ठरवलंत, तर ते ठरवणं खोटं होईल... म्हणून सांगितलं."

तो खाली मान घालून म्हणाला, "सरी."

सरी! 'बरं' म्हणे! इतकं मन मोकळं केल्यावर फक्त 'बरं'? बसमध्ये मी पदराआड रडले, आणि चिडलेही.

तरीही पेंटेकॉस्टच्या आदल्या संध्याकाळी गेलेच. मावशीने ऐन वेळी डोकं धरलं, त्यामुळे एकटी. पाहुण्यांच्या रांगेत बायका एका टोकाला, पुरुष दुसऱ्या. घंटा झाली. शमुवेल आत आला आणि सरळ बंधूंच्या रांगेकडे चालू लागला. मी मनाशी म्हटलं, देवा, तुझाच आहे तो, सांभाळ.

तो कृष्णाजीअण्णांपुढे वाकला. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पुटपुटत आशीर्वाद दिला... आणि शमुवेल वळला. मधली मोकळी जागा ओलांडून आमच्या रांगेच्या पार त्या टोकाला जाऊन बसला.

गंमत म्हणजे, आता तो मला दिसेचना! एकाच रांगेत, मध्ये सगळे पाहुणे. नुसता आवाज ऐकू येत होता, माझ्याच वचनातला. मला गाता कुठलं येतंय? ओठ दाबून हसत होते, आणि डोळे वाहत होते. समोर अण्णांनी सगळं पाहिलं आणि हळूच डोळे मिटून घेतले.

बाहेर पडताच तो लगबगीने आला. "क्षमा, मी देवाला सोडलेलं नाही हं. त्यालाच विचारून आलोय. तुझ्या वडिलांना कधी भेटू?"

"आजच," मी म्हटलं. "ती बघा बस सुटतेय, पळा!"

आणि आम्ही दोघं बसमागे धावत सुटलो.