चेंडूने न फुटलेला दिवा

"कुलूप! मैदानाला कुलूप!" टिंगी फाटकावरून खाली उडी मारत ओरडली. "तेही ऐन सुट्टीत!"

फाटकावरचा सौरदिवा पुन्हा बंद पडला होता आणि वसाहतीच्या सेक्रेटरीकाकांनी त्याचं खापर सरळ टिंगीच्या चेंडूवर फोडलं होतं. काल सगळ्यांसमोर तिला 'तोडफोडी कार्टी' म्हणाले. ना चौकशी, ना विचारपूस! मोठी माणसं कधीकधी कमालच करतात.

"जगात मोडलेली प्रत्येक वस्तू आपणच मोडतो, असं वाटतं यांना!" शेजारचा बडबड्या फणकारला.

तेवढ्यात दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रीकाकांनी दिव्याची पेटी खाली उतरवून उघडली. टिंगीच्या ताईने आत डोकावलं. विजेचा साठा करणारे दोन कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले होते. मोठा धडधाकट, छोटा मात्र टम्म फुगून फुटलेला.

"काका, काच शाबूत आहे. मग चेंडू आत शिरला कसा?"

"मला काय विचारतेस? दर वेळी हाच जातो."

"आणि त्याच्या जागी कुठला बसवता?"

"पिशवीत हाताला लागेल तो! बसला की झालं."

"बसला की झालं?" ताईचा पारा चढला. ती धावत जाऊन शाळेच्या प्रकल्पासाठी घेतलेला व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन आली. मिस्त्रीकाकांनी तसलाच छोटा कपॅसिटर बसवून दिव्याचं सौर पॅनेल उन्हात धरलं. आकडे भराभर चढले आणि थांबले.

"मोठ्यावर पावणेदोन व्होल्ट," बडबड्या वाचू लागला. "छोट्यावर सव्वातीन! आणि याच्या अंगावर तर लिहिलंय, दोन पूर्णांक सातच्या वर नको!"

"काढा तो, फुटेल!" ताई ओरडली. गलका ऐकून सेक्रेटरीकाकाही आले. ताईने त्यांनाच विचारलं, "काका, पातेल्यात आणि अरुंद पेल्यात सारखंच पाणी ओतलं, तर पातळी कुठे जास्त चढेल?"

"पेल्यात. पण त्याचं इथे काय?"

"या दोघांत वीज सारखीच भरते, म्हणून छोट्यावर व्होल्ट जास्त चढतात. जोडी सारखी असती तर पाच व्होल्ट अर्धे-अर्धे वाटले गेले असते. म्हणून हा फुटतो, भर उन्हात, आम्ही घरात जेवत असताना!"

मिस्त्रीकाकांनी गुपचूप पिशवी पालथी केली आणि मोठ्याच्या जोडीचा कपॅसिटर शोधून बसवला.

"अडीच... आणि इकडेही अडीच!" बडबड्या नाचायलाच लागला. दिव्याला रात्र झालीशी वाटावी म्हणून ताईने पॅनेलवर पुठ्ठा धरला आणि दिवा लख्ख पेटला!

"चूक माझीच, साहेब," मिस्त्रीकाका पुटपुटले.

"शाबास! फार हुशार आहात रे पोरांनो!" म्हणत सेक्रेटरीकाकांनी घाईघाईने कुलूप काढलं.

टिंगी जागची हलली नाही. "शाबासकी ताईला द्या. मला काल सगळ्यांसमोर बोललात, त्याचं काय?"

गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. काका टिंगीकडे वळले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चुकलो, बाळा. काही न बघता तुला दोष दिला. माफ कर मला."

टिंगीने डोळे पुसले, फाटक ढकललं आणि सगळ्यांच्या आधी आत धाव ठोकली.